कौलाच्या फुलामागचं मेण

आप्पा, त्या रविवारी सकाळी कुपवाडच्या कारखान्यातली जादा पाळी सोडून मी सांगलीला सिनेमा बघायला गेलो. आपल्याच गावच्या एका पोरानं मित्रांना जमवून, पदरमोड करून काढलेला. देऊळ आपलं, माणसंही आपलीच, रोजच्या कपड्यांत. त्यात देवी गाभाऱ्यातून उतरते आणि एसटीत बसून साताऱ्याला जाते. ते मला आवडलं. तिच्या मनात आलं तर ती जाईलही. पण मग गुरव दिसला. तुमच्यासारखाच डावा पाय ओढत चालणारा. तो कौल लावताना देवीच्या डाव्या खांद्यावरचं फूल मेणानं चिकटवत होता, म्हणजे उजवंच आधी पडावं आणि देवीचा होकार ठरावा. सिनेमा संपला आणि पडद्यावर फोटो आला तो तुमचा. तुम्ही गेल्यावर त्या पोरानं आठवण म्हणून मागितला, तेव्हा मीच तो हौसेनं दिला होता.

बाहेर मी त्या पोराला गाठलं. तो म्हणाला, "काका, सगळी कल्पना आहे. देवी एसटीत बसली, हे कोणी खरं मानतंय का?"

"ते न्हाई मानत. मेण मानत्यात. मग फोटू कशाला खरा लावलास रं?"

"आप्पांचा आदर वाटतो म्हणूनच लावला, काका."

आदर! पाटलांच्या सोयरिकीला डावं फूल पडलं, तेव्हा ते गाभाऱ्याच्या दारातच गरजले होते, "पुन्यांदा लाव." तुम्ही तबक खाली ठेवलंत. "आवं पाटील, देवी काय बहिरी न्हाई." त्या सुगीला त्यांच्या खळ्यावरून आपल्याला बलुत्याचा दाणा आला नाही, आणि आईनं तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. दहावीच्या निकालाआधी मी कौल मागितला, तर माझ्यावरच डाफरलात, "पेपर तू लिवलास न्हवं? मग तिला कशाला तरास?" यातलं काही त्या सिनेमात नाही. आता गावात प्रत्येकाच्या मोबाईलवर तो आहे. पूजेची माझी पाळी असली की मी गावी येतो, आणि चहाच्या टपरीवर कोणीतरी हटकतंच, "काय गुरव, मेण हाय का संपलं? येताना आणू व्हय सांगलीस्नं?" सगळे हसतात. तुम्हाला बघितलेले म्हातारेसुद्धा हसतात, याची चीड जास्त येते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. सिनेमा बघून आलो त्या आठवड्यात, गाभाऱ्यात कोणी नसताना, मी देवीचा डावा खांदा नखानं खरवडून पाहिला. शेंदूर निघाला, दुसरं काही नाही. तुम्हाला ओळखत असूनही पाहिला. त्या पोरावरचा राग अजून गेलेला नाही, पण तेव्हापासून तबक उचललं की माझाच हात मला परका वाटायचा. परवा मंगळवारी एक म्हातारी लेकीसाठी कौल मागायला आली. मी चुलतभावाला हाक मारली, तबक त्याच्या हातात दिलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो. पूजा करीन, दिवा लावीन. कौल मात्र आता तो लावतो.