कालव्याच्या पुलावर विझणारा दिवा

१२ डिसेंबर, शुक्रवार

आजही दिवा कालव्याच्या पुलावर विझला. रस्त्यावर रानडुकरे येतात म्हणून सूनबाईच्या सायकलला डायनामो मीच बसवून दिला. वैशाली तिरोड्याला एका दुकानात कामाला आहे, अंधार पडता पडता निघते. आमच्या ओट्यावरून धानाच्या बांध्यांपलीकडचा रस्ता दिसतो. तिचा दिवा त्यावरून सरकत येतो आणि पुलावर विझतो. चाक थांबले की डायनामोचा दिवा जातो, एवढे मला कळते. पण ती थांबते कशाला? कोणासाठी? नको ते मनात आले.

आज विचारलेच. "पुलावर कोण भेटते तुला?"

ती हसली. "कोणी नाही, आई. बसून राहते जराशी."

"काऊन?"

"घरी आलं का तुम्ही सुरू होता न! भात टाक, भांडे घास. चपला तरी काढू द्या."

असे तोंडावर मला कोणी बोलत नाही. म्हणजे अंधारातली रानडुकरे परवडली, मी नाही?

उद्या ती येण्याआधी भात मीच टाकीन आणि तोंड बंद ठेवीन. जमेल? मग परवा तरी दिवा पुलावर विझतो का, ओट्यावरून बघेनच.