तुझंच तुला बक्षीस कसं देऊ

कोल्हापूर,
१९ नोव्हेंबर १९७४

प्रिय शमशादआपास धाकट्या निसारचा सलाम.

इथं आम्ही बरे आहोत. सुगराचा खोकला थांबला. कोर्टासमोर माझा टाइपरायटर चालू आहे. काजू फोडताना तेलानं तुझे हात सोलवटले होते, ते भरून आले का?

भावजी गेल्यावर सासरी राहवत नाही, अब्बांच्या मुरगूडच्या घरातली मागची खोली मिळेल का, असं तू दोन महिन्यांपूर्वी विचारलं होतंस. घर पडायला झालंय, असं मी कळवलं. ते खोटं होतं. यंदाच पावसाआधी मी कौलं फिरवून घेतलीत.

गेल्या सोमवारी दत्तोपंत वकिलांनी मला एक फिर्याद टाइप करायला बोलावलं. गारगोटीकडच्या चिमणाबाई म्हणून होत्या. भावानं घरपट्टीचा कागद सांगून त्यांचा अंगठा घेतला आणि बापाचं शेत एकट्याच्या नावावर केलं.

"चोरी लिवा," बाई म्हणाल्या.

"जमिनीची चोरी होत नाही, बाई," वकील म्हणाले. "कायद्यात चोरी म्हणजे उचलून नेता येईल अशा वस्तूची."

"मग लुटलं लिवा."

"त्यानं मारहाण केली? धमकी दिली?"

"न्हाय. अंगठा मीच दिला की. भाऊ हाय म्हणून दिला." त्यांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं. "म्हंजे मी इस्वास ठेवला म्हणून त्याच्या करणीला नावच न्हाय व्हय?"

"आहे," वकील म्हणाले. "फसवणूक. निसार, लिही. खोटे सांगून, अप्रामाणिक हेतूने..."

पंधरा वर्षं मी हे शब्द बडवतोय. त्या दिवशी 'अप्रामाणिक' तीनदा चुकलं. बाई मलाच म्हणाल्या, "सावकाश लिवा पावणं, मला घाई न्हाय."

अब्बा गेले, त्यांच्या चाळिसाव्यानंतर मी तुला कागलच्या कचेरीत नेलं होतं. वारसांची नोंद करायची आहे, असं सांगितलं होतं. साहेबानं 'मजकूर मान्य आहे ना' असं विचारलं, तेव्हा तू कागदाकडं बघितलंच नाहीस. माझ्याकडं बघितलंस आणि हो म्हणालीस. ते हक्कसोडपत्र होतं, आपा. घरातला तुझा हिस्सा तू मला सोडून दिलास, असं त्यात लिहिलं होतं. मीच टाइप केलं होतं.

सुगराला हे सांगितलं. तिनं माझ्यापुढचं ताट उचललं. मग एवढंच म्हणाली, "त्यांना आधी लिहा, मग जेवायला बसा."

ओळखीच्या एका माणसाचं म्हणून मी वकिलांना विचारलं. त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "बहिणीला बक्षीसपत्र करून दे म्हणावं, सोपं पडेल." मी नको म्हणालो. तुझंच तुला बक्षीस कसं देऊ? आधीचा कागद रद्द करायचा, असं ठरवलंय. त्यात कारण लिहावं लागतं. 'भावाने खोटे सांगून सही घेतली' असं मी लिहिलं आहे. मसुदा सोबत आहे. कुणाकडून तरी तपासून घे.

कागद होईपर्यंत थांबू नकोस. घराची किल्ली वेगळ्या पार्सलनं पाठवली आहे. फक्त मागची खोली नाही, सगळं घर उघड. फिर्याद करावीशी वाटली तर कर. मी नाकारणार नाही.

पत्राखाली दर वेळी 'तुझा भाऊ' असं लिहितो. आज ते तुझ्यावर सोडतो.

निसार