मागच्या सीटचा ब्रेक

१२ फेब्रुवारी

चि. घुम्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. त्यातली एक ओळ तब्येतीची आणि दुसरी सही. लहानपणी तुझ्या तोंडून शब्द निघायचा नाही म्हणून आईने घुम्या नाव ठेवलं, पण सायकलचं दुकान टाकल्यापासून तू कागदावरही तोंड मिटूनच बसतोस.

इकडचं सांगायचं तर ह्यांच्या डोळ्यांत आता उजेड आणि सावली एवढंच उरलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे तेवढं जपा, गेलेलं परत येणार नाही. ह्यांनी ते शांतपणे ऐकलं. तो शांतपणा दवाखान्याच्या पायरीपर्यंत टिकला. आता सकाळपासून गॅलरी ते दार, दार ते गॅलरी अशा फेऱ्या चालू असतात. दाराशी गेले की कडी चाचपतात आणि परत फिरतात. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने मला जिन्यात गाठून विचारलं, तुमच्याकडे पाहुणे आलेत का, फार पावलं वाजतात. मी म्हटलं, आलेत, आणि जायचं नाव काढत नाहीत.

हसू नकोस. उभा जन्म डोंगरातल्या रस्त्यावर बस चालवलेला माणूस आहे. काल मी हात धरून खुर्चीत बसवलं तर म्हणाले, मी आता सामान झालोय, ठेवाल तिथं राहायचं. एखाद्या दिवशी कडी काढून निघून गेले तर मी कुठं शोधत फिरू? तू ये. बोलला नाहीस तरी चालेल, नुसता शेजारी बसून राहा.

ताईवरची माया आहे तशीच असू दे, आणि शाईला कंजूषपणा करू नकोस.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बसून राहण्याने भावोजींचं काही होणार नाही. उलट त्यांना माझ्याकडे पाठव. मी दोन जुन्या सायकली कापून एक जोडसायकल केली आहे. पुढे मी, मागे ते.

दुकानामागून निघणारा रस्ता जुन्या ज्वालामुखींना वळसा घालत चार खिंडी चढतो, उतरतो आणि परत दुकानाशी येतो. भावोजींचीच बसची लाईन. दरवर्षी बाहेरगावचे सायकलवाले हा फेरा मारायला येतात, त्यातले निम्मे दुसऱ्या खिंडीतून टेंपोत बसून परत येतात. महिनाभर सराव करू, मग बघू.

ते नुसते मागे बसणार नाहीत. लांब उतारावर पुढच्यानेच ब्रेक दाबत राहिलं तर रिम तापून ट्यूब फुटते. म्हणून मागच्या चाकाला तिसरा ब्रेक लावलाय. त्याची दांडी मागच्याच्या हातात. उतारभर तो त्यांनी धरायचा आणि वेग सांभाळायचा. त्याशिवाय ही सायकल खाली आणताच येत नाही.

तू नाही म्हणशील हे माहीत आहे. तरी त्यांना वाचून दाखव.

आशीर्वाद असावेत, रागावलीस तरी.

तुझा,
घुम्या


२ मार्च

चि. घुम्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

एवढं लांब पत्र तू जन्मात पहिल्यांदा लिहिलंस, आणि तेही माझी झोप उडवायला. दिसत नाही त्या माणसाच्या हातात ब्रेक, खाली दरी, आणि पुढे तू. वाचून झाल्यावर मी पत्र धान्याच्या डब्याखाली ठेवलं होतं. दोन दिवस ठेवलं. मग वाटलं, त्यांच्या नावचा निरोप दाबून ठेवणारी मी कोण? वाचून दाखवलं.

ऐकताना ते उभे होते ते बसले. किती दिवसांनी आपण होऊन बसले. मग तुझ्या खिंडींची यादी सुरू झाली. पहिली सोपी, दुसरीत गंधकाचा वास येतो, तिसरी काळ्या राखेची, तिथं टायर वेगळं वाजतं. चौथीला सगळे ड्रायव्हर सासूबाई म्हणायचे, कारण तिच्यापुढे मान ताठ ठेवून कुणी गेलेलं नाही. मग मला म्हणाले, तुझ्या तोंडचा होकार असेल तरच जाईन, रडत दिलेला नको. असं कुणी अडवतं का माणसाला?

तर माझा होकार घे. बुधवारच्या बसने पाठवतेय. फक्त एक ऐक. वळण आलं तर वळण म्हण, खड्डा आला तर खड्डा म्हण, थांबायचं असेल तर थांबण्याआधी म्हण. तुला जन्मभर पुरतील एवढे शब्द मी ह्या पत्रात लिहून पाठवलेत, त्यातलेच वापर. घर सुनं होणार. जिवाला घोर लागलाय तो वेगळाच.

माझा लोभ तुझ्यावर आहेच, ह्या महिन्यात तो तुझ्या भावोजींना उसना दे.

तुझी,
ताई


९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

भावोजींना आज बसमध्ये बसवलं. सुखरूप आहेत. कोपराला थोडं खरचटलंय, घाबरू नकोस.

सराव चांगला झाला होता. पहिल्या खिंडीत तर ते मागून मलाच दम देत होते की बस असती तर प्रवासी उतरून चालत पुढे गेले असते. दुसरीत गंधकाचा वास आला तसे खूष झाले. तिथे ज्वालामुखीच्या तोंडात तळं आहे, त्याचा रंग विचारला. मी हिरवा म्हटलं. कसला हिरवा, म्हणाले. मला सांगता आलं नाही. वरून खाली येताना त्यांनी ब्रेक असा धरला की मला माझ्या ब्रेकला हात लावावा लागला नाही. खाली टपरीवर चहा प्यायलो, तिथल्या म्हाताऱ्या मालकाने त्यांना आवाजावरून ओळखलं.

तिसरीच्या उतारावर पंक्चर झाली. पडलो, पण राखेत. मग चालत खाली आलो आणि एका ट्रकवाल्याने सायकल घेतली. चौथी राहिली. उशीर झाला होता.

सायकल मी खोलून ठेवणार आहे. ह्या वयात पुरे.

कृपा असावी.

घुम्या


१५ एप्रिल

चि. घुम्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पोचले. कोपर मी धुऊन औषध लावलं. लावताना म्हटलं, पंक्चरने एवढं सोलवटलं का? त्यांनी कोपर मागे घेतलं. मग म्हणाले, पंक्चर नव्हती. पडल्यावर त्यांनी दोन्ही चाकं चाचपली होती. दोन्ही दगडासारखी टणक. तुला त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

बाकीचं मी एकेक शब्द ओढून काढलं. उतार सरळ आहे असं तू सांगितलंस आणि मग तुझा आवाजच बंद झाला. त्यांनी विचारलं, पुढे काय आहे. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. त्यांना वाटलं तुला भोवळ आली आणि सायकल मोकळी सुटली आहे. म्हणून त्यांनी सगळा जोर लावून ब्रेक ओढला, चाक घसरलं आणि तुम्ही डोंगराच्या बाजूला पडलात. दुसऱ्या बाजूला पडला असतात तर मी आज कुणाला पत्र लिहीत बसले असते?

पडल्याचा त्यांना राग नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की अंधाराची मला आता सवय झालीये, पण त्या उतारावर जो काळोख झाला तो घुम्याने केला. आल्यापासून परत फेऱ्या सुरू आहेत, आधीपेक्षा जोरात. गॅलरीशी पोचले की हात पुढे करून हवेतच दांडी धरतात आणि सोडतात.

काय झालं होतं रे? मी ओरडणार नाही. लिही.

माया कमी झालेली नाही, काळजीने जरा खरखरीत झालीये.

तुझी,
ताई


२१ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिसरीच्या उतारावर कठडा पडलाय. सरावात तिथपर्यंत गेलो नव्हतो. अचानक शेजारी काहीच नव्हतं, खाली नुसती काळी राख घसरत गेलेली. वळण हा शब्द तोंडात होता, बाहेर येईना. भावोजींचा प्रश्न मला दोन्ही वेळा ऐकू आला होता.

पंक्चर म्हणालो कारण भीती म्हणता येईना. चालताना त्यांनी एक हात सीटवर ठेवला होता आणि सगळा उतार काहीच विचारलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी पुन्हा त्यांच्या पुढे बसणार नाही. चूक पोटात घाल. सायकल उद्या खोलतो.

घुम्या


३० एप्रिल

चि. घुम्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाना खाली ठेव. सायकलला हात लावायचा नाही.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. भीती ह्या शब्दापाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग म्हणाले, एवढंच तिथं म्हणाला असता तर मी हळूच थांबवली असती की. पुढे म्हणाले, घुम्यात खोट नाही, त्याची जागा चुकली. मी म्हटलं, मग पुढे कोण बसणार? त्यावर परत फेऱ्या मारायला लागले. पण ह्या खेपेला माझेही पाय थाऱ्यावर राहिनात. भाजी चिरायला घेतली ती तशीच सोडली आणि मीही त्यांच्या मागून दार ते गॅलरी चालायला लागले. खालच्या शिक्षिकेला आता खात्री पटली असेल की पाहुणे वाढले.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला मी म्हणून टाकलं की मी बसते. ते जागच्या जागी थांबले. तुला भीती वाटेल, म्हणाले. वाटणारच. वाटली की मी डोंगर दणाणून सोडीन, आजवर कुठली भीती मी मनात ठेवलीये? बाजारात मी अजून सायकलनेच जाते, गुडघे शाबूत आहेत. कुठं थांबायचं ते आपण दोघं मिळून ठरवू म्हटलं.

तर आम्ही सोमवारी येतोय. पुढची सीट माझ्या मापाने खाली घे. आधी तुझ्या गल्लीत शिकू, मग पहिल्या खिंडीवर, आणि अंगात बळ आलं तरच सासूबाईंकडे. पडलेल्या कठड्याच्या वाटेला जायचं नाही. चौथी चढायची ती दुकानाकडूनच, उलट्या बाजूने, आणि तू तुझ्या सायकलवर आमच्या मागून यायचं, तोंड मिटून खुशाल.

मला धाकधूक आहे, तुझ्यापासून काय लपवू. पण परवापासून हे मला घरात बसल्या बसल्या रस्ता सांगायला लावतात. खुर्चीतून उठून मोरीपर्यंत जाताना काय काय दिसतं ते मोठ्याने म्हणायचं. तांब्या, ओली फरशी, उघडं दार. मी दमून गप्प झाले की लगेच टोकतात. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ह्यांनी मला सांगितलंय, थांबू नकोस, बोलत राहा.

लोभ तर आहेच, सोमवारी तो घेऊन स्टँडवर उभा राहा.

तुझी,
ताई