पायाला बसणारा ब्रेक

मामा,

आज सकाळी डोजरचे ब्रेक आवळले. तुमचे चिरंजीव ज्याला भंगारात घालायला निघाले होते, तो डोजर अजून आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. अंगावर रंग म्हणून उरलेला नाही, सुरू करताना म्हाताऱ्यासारखा खोकतो, पण एकदा चालला की थांबत नाही. सीटमागचं झाकण काढलं, ब्रेकच्या पट्ट्यांवर झिरपलेलं तेल रॉकेलनं धुतलं, नटाला पाना लावला आणि तुमची आठवण आली. ती दिवसभर गेली नाही, म्हणून लिहायला बसले. मेलेल्या सासऱ्याला पत्र लिहिणारी सून मी तरी कुठं पाहिलेली नाही.

माझं माहेर वरवंडचं, कालव्याच्या पाण्यावरचं. तिथं मी वडिलांचा ट्रॅक्टर चालवायचे, हे तुम्हाला लग्नात कुणीतरी सांगितलं होतं. केंदूरला आले तर इथं सगळा चढउतार. तुमची उमेद मेंढरांमागं गेलेली. मग कालव्याच्या कामावरून निघालेला हा जुना, चाकांऐवजी चेनवर चालणारा डोजर तुम्ही घेतला आणि शिरूर-दौंडकडची रानं सपाट करत फिरलात. मी भाकरी घेऊन यायचे आणि बांधावर बसून बघत राहायचे. एक दिवस तुम्ही घास मोडता मोडता विचारलंत, "वरवंडाला ट्रॅक्टर हाकत व्हतीस म्हनं?"

"व्हय, मामा."

"मग चढ की वर. बांधावर बसून काय शिकशील?"

घरी आत्यांनी कपाळाला हात लावला. "सून चेनवर बसल्यावर लोक काय म्हंतील?" तुम्ही म्हणालात, "लोक म्हंतील, रान बरं लेव्हल झालंय."

तुमचं शिकवणं मला अजून पाठ आहे. या यंत्राला वळवायला चाक नसतं. दोन्ही बाजूंना एकेक लिव्हर आणि एकेक ब्रेक. लिव्हर ओढला की त्या बाजूची चेन इंजिनापासून सुटते, ब्रेक दाबला की ती जागीच थांबते. तुम्ही सगळं मेंढरांवरून सांगायचात. "कळप वळवायचा तर काय करतो आपन? ज्या अंगाला वळायचं तिकडची मेंढरं थोपवायची, दुसऱ्या अंगाची चालती ठेवायची. ह्ये बी तसंच." मग काठीनं मातीत उतार काढून दाखवायचात. "पन उताराला ध्यान दे. तिथं नुस्तं मोकळं सोडलेलं मेंढरू थांबत न्हाई, पुढं पळतं. उताराला लिव्हरसंगं ब्रेक पायजेच." मी मान हलवायचे. मान हलवायला काय जातं?

अडचण एकच होती, उजव्या ब्रेकची. तुमचा उजवा गुडघा कधीचा आखडलेला, वाकतच नव्हता. म्हणून तुम्ही तो ब्रेक ढिला ठेवला होता. पेडल पार खाली गेल्यावर धरायचा. तुमचा लांब, सरळ पाय तिथं बरोबर पोचायचा. मी उंचीनं बेताची. सीटवरून घसरून अर्धी उभी राहिले तरी माझी टाच अधांतरीच. सपाट रानात निभून जायचं, म्हणून मी बोलले नाही. बोलले असते तर आत्यांना आयतंच निमित्त सापडलं असतं.

आणि मग ह्यांना रांजणगावला कंपनीत नोकरी लागली. एक दिवस जेवताना ते तुम्हाला म्हणाले, "आप्पा, तुमचा गुडघा असा, मला शिफ्टमधून सवड न्हाई. गिऱ्हाईक आलंय भंगाराचं. देऊन टाकू." तोवर मला कळलं नव्हतं की मला तो डोजर इतका हवा आहे. तुम्ही ताट पुसून काढलंत आणि म्हणालात, "टेकडीखालचं एक रान लेव्हल करायला घेतलंय. तेवढं सूनबाई करंल. न्हाई जमलं तर न्हे तुझ्या भंगारवाल्याला."

त्या रानाचा दिवस मला आत्ताही समोर दिसतो. मी वर बसलेय, पदर कमरेला खोचलाय. तुम्ही पुढं काठी घेऊन चालताय, कळपापुढं चालावं तसे. हे कंपनीचा शर्ट न बदलताच बांधावर येऊन उभे आहेत. मी उतार उतरतेय. डावीकडं खाली विहीर आहे, मला उजवीकडं वळायचंय. मी सवयीनं उजवा लिव्हर ओढते आणि नुसता लिव्हरच ओढते. उजवी चेन सुटते, उतारानं पुढं धावते, आणि अख्खं यंत्र डावीकडं वळायला लागतं, थेट विहिरीकडं. मी लिव्हर आणखी जोरात ओढते. तुम्ही मागं वळून ओरडता, "बिरेक! मेंढरू थोपव, बिरेक दाब!"

मी पाय टाकला आणि ब्रेकनं धरलं. वरच्या वर, अर्ध्यातच. मी सीटवरून घसरलेही नाही. डोजरनं नाक फिरवलं आणि मुकाट्यानं उजवीकडं गेला. संध्याकाळपर्यंत रान झालं. ह्यांनी भंगारवाल्याला सांगून टाकलं की आमचा विचार बदललाय. मी तुम्हाला विचारलं, पाय पोचला कसा? तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "काल जरा आवळला व्हता." मी पाया पडले. वाटलं, सुनेची काळजी केली, बस्स.

त्यानंतर तुम्ही डोजरवर कधी बसला नाहीत. गुडघा लईच दुखतो म्हणायचात. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. खंडेनवमीला मात्र इंजिनावर भंडारा तुमच्याच हातून पडायचा, आणि मग हात तिथंच जरा वेळ ठेवून तुम्ही बाजूला व्हायचात.

आता माझेही गुडघे कुरकुरतात. इतक्या वर्षांत मी तो उजवा ब्रेक थोडा थोडा ढिला करत आले. पाय सरळ राहिला की दुखत नाही. परवा माझी नवी सून शेडच्या दाराशी बराच वेळ उभी दिसली. मी विचारलं, काय गं? ती म्हणाली, "काय न्हाई, आत्या. लिव्हर दोन का असत्यात, त्ये बघत व्हते." मला हसू आवरेना. पोरगी माझ्याहून चार बोटं बुटकी आहे. म्हणून आज ब्रेक आवळले.

आवळून झाल्यावर सवयीनं वर चढून बसले आणि उजवं पेडल दाबायला गेले. पेडल वरच धरलं, गुडघा वाकवावा लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. ज्यावर माझा जन्म गेला तो डोजर माझ्या पायाला बसेना. तेव्हा कुठं कळलं, मामा. तुमच्या गुडघ्याचं दुखणं त्या एका रात्रीत वाढलं नव्हतं. जो ब्रेक माझ्या पायाला बसला, तो तुमच्या पायाला बसणारच नव्हता, आणि नट फिरवताना तुम्हाला ते ठाऊक होतं. मला वाईट वाटलं, आणि मग वाईटापेक्षा जास्त बरं वाटलं. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या बापानंसुद्धा टाकला नव्हता.

उद्या तिला घेऊन उताराच्या रानात जाणार आहे. तुमची काठी काढून ठेवलीय, मी पुढं चालेन. हा कागद उद्या ऑइलचे हात पुसायला कामी येईल. तुम्हाला पाठवायचा तरी कुठं?

तिला काही सांगितलेलं नाही, तुम्हाला मात्र सांगते. मघाशी दिवेलागणीला मी परत शेडमध्ये गेले होते. नट थोडा ढिला करावा, अजून एक हंगाम आपणच बसावं, असं मनात आलं. पाना नटाला लावलासुद्धा होता. फिरवला नाही.