सात लिव्हरच्या कुलपातलं इंटरनेट

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं वाकून.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? आम्ही इकडे मजेत. पत्र कशाला, फोन मोडलाय का, असं तू म्हणशील. फोन धडधाकट आहे. पण काही गोष्टी हवेतून पाठवायच्या नसतात हे मला अलीकडेच कळलं आहे. पाकीट मी स्वतः दोनदा डिंक लावून चिकटवलंय, उघडताना पत्रच फाटलं तर मला बोल लावू नकोस.

सूनबाई तुझ्याकडे नीट पोचली असेलच. ऑफिसच्या कामासाठी गेली आहे, असं आम्ही शेजारी सांगितलंय. तुला तिने वेगळं सांगितलं असेल. रविवारी ती तुमच्या बाजूला भाड्याची जागा बघणार आहे म्हणे. (चिरंजीव फिरतीवर आहेत. ते परततील ते थेट त्या नव्या जागेत, असा बेत दिसतो.) ही तुझी भावजय मला येता-जाता ऐकवते की तुमच्यापायी पोरं घराबाहेर चालली. म्हणून तुला सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे चूक कुणाची ते तूच ठरव. माझी नाही, एवढं लक्षात ठेवून ठरव.

झालं असं की पेपरात आलं, परदेशात बनलेले घरगुती राउटर धोक्याचे असू शकतात. (राउटर म्हणजे ती दिवे लुकलुकणारी डबी, जिच्यातून इंटरनेट घरभर पसरतं.) त्यातून कुणीही लांब बसून आपल्या घरात डोकावू शकतो, आणि कुठली कुठली सरकारं त्यांच्यावर बंदी घालायच्या विचारात आहेत. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उठलो, आमची डबी भिंतीवरून काढून उलटी केली. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत परदेशाचं नाव! ताई, माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या माणसाने उभा जन्म कुलूप कारखान्याच्या तपासणी विभागात काढला, ज्याच्या शिक्क्याशिवाय एक कुलूप फाटकाबाहेर गेलं नाही, त्याच्याच दिवाणखान्यात हा परका इतकी वर्षं खिळ्याला लटकून बसला होता. आणि त्याचं विजेचं बिल मी भरत होतो.

सूनबाईला हाक मारली. ती म्हणाली, बाबा, देशी की परदेशी ते मागाहून बघू, आधी पासवर्ड बघू. आता इथे आमच्या कारखान्याची शिस्त तुला सांगायला हवी. कुलपाबरोबर आलेली किल्ली कधी बदलायची नाही, कारण दुसरी घासणं म्हणजे कारागिराचा अपमान. आणि प्रत्येक किल्ली चिठ्ठी लावून दाराशेजारच्या फळ्यावर टांगायची, म्हणजे शोधाशोध नको. ती शिस्त मी घरीही ठेवली होती. डबीबरोबर आलेला पासवर्ड कुणाला बदलू दिला नाही, आणि तो ठसठशीत अक्षरांत लिहून दाराशेजारच्या फळ्यावर, छत्रीच्या खुंटीखाली टांगून ठेवला होता. (सूनबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तो काढा म्हणत होती. नवीन माणसाला शिस्त जाचते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.)

तिने लॅपटॉपवर यादी उघडली. आपल्या इंटरनेटवर कोण कोण बसलंय ते त्यात दिसतं. आमचे फोन बोटांवर मोजण्याइतके, आणि यादी काही संपेना! सापडले हेर, असं मी ओरडलो आणि चपला घालून तपासाला निघालो. वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरकडे बाहेरच्या खोलीतला टीव्ही आमच्या जिवावर चालू होता. खालचा शिंपी गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होता. मी दरडावून विचारलं, आमचं नेट वापरता का? तर तो तोंडातली टेप काढून म्हणतो, बरं झालं काका तुम्हीच आलात, दोन दिवस तुमचं नेट फार हळू चालतंय, जरा कुणाला बोलावून दाखवून घ्या. घ्या! म्हणजे परदेशी हेर एकही नाही, सगळे रोज जिन्यात भेटणारे. ही म्हणाली, दिव्याखाली अंधार. हिला म्हणी नेमक्या वेळी आठवतात.

मग सूनबाई कामाला लागली. डबीच्या आतलं सॉफ्टवेअर कंपनीने केव्हाच सुधारून ठेवलं होतं, ते आम्ही कधी घेतलंच नव्हतं. ते तिने घेतलं. पासवर्ड बदलले. फळ्यावरची चिठ्ठी माझ्यादेखत फाडली. कंपनी या डबीची देखभाल थांबवेल तेव्हा नवी घेऊ आणि घेताना ती कुठली ते बघू, म्हणाली. आणि ताई, मग तिने जे केलं त्याने मी खुर्चीतून उठलो. सगळं बंद केल्यावर ती पोरगी हात झटकून मोकळी झाली नाही. ती आपणच चोर झाली. जुना पासवर्ड घालून बघितला, भलतेसलते घालून बघितले, कुठून आत शिरता येतं का ते चाचपून बघितलं. तपासणी विभागात मी इतकी पोरं तयार केली, पण ही नजर एकाला शिकवता आली नाही. तिला कुणी न शिकवता! माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. ते लावायला शिंप्याकडे गेलो, तर त्याला सांगितलं, माझी सून म्हणजे काय चीज आहे. डॉक्टरला सांगितलं, त्याच्या खुर्चीत आ वासून पडलेल्या बाईंनाही सांगितलं. (कौतुक कुणीच केलं नाही. नेट बंद झाल्याने दोघांचीही तोंडं उतरली होती.) तिला स्वतःला तेवढं सांगायचं राहून गेलं. घरच्या घरात काय सांगायचं, म्हटलं.

इथे थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती, असं हिचं मत. पण हाडाचा कुलूपवाला थांबतो का? मी जाड पोलादी पत्र्याची पेटी करून आणली, वायरीपुरतं भोक पाडलं, आपलं सात लिव्हरचं कुलूप काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राउटर आत ठेवून खट्कन लावलं. काय तो आवाज! आता पोलादातून इंटरनेट बाहेर येत नाही, हे पेपरात कुठेही छापलेलं नव्हतं. सूनबाई तेव्हा आपल्या खोलीत लॅपटॉपवरून एका मोठ्या गिऱ्हाइकाला लिफ्टचे नकाशे समजावत होती. (लिफ्टचे नकाशे तपासणं हेच तिचं काम.) त्यांच्या लिफ्टच्या दाराची कडी चुकीची आहे, ही चूक तिनेच शोधली होती, महिनाभर खपून. ऐन मोक्याला ती पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजली आणि मग दिसेनाशी झाली. उरलेलं तिच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी सांगितलं आणि शाबासकीही त्यांनीच घेतली.

ती बाहेर आली, पेटीकडे बघितलं. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मीही बोललो असतो आणि मिटलं असतं. सासूला एवढंच म्हणाली, आई, या घरात कुलपं पुष्कळ आहेत, मला एक दार हवंय. आणि बॅग भरली.

राउटर मी त्याच दिवशी बाहेर काढला. दिवे झकास लुकलुकतात. पण नवा पासवर्ड ठाऊक फक्त तिला; आमच्या फोनांत मागाहून घालू असं ठरलं होतं. तेव्हापासून घर कडेकोट बंद आहे. ना परदेशी आत, ना शिंपी आत, ना आम्ही. सुरक्षेच्या दृष्टीने याहून चोख काम मी पाहिलं नाही, आणि ते माझ्या सुनेचं आहे. हिला पडद्यावर बहिणीचा चेहरा दिसत नाही म्हणून माझ्याशी अबोला आहे. चिरंजीव म्हणतात, बाबा, तुम्हीच तिला विचारा. केला होता फोन. तिने विचारलं, जेवलात का बाबा, गोळी घेतलीत का. मी म्हटलं हो, हो, आणि ठेवला. पासवर्ड फोनवर मागायचा नसतो, हा तिचाच नियम, तो मी पाळला.

असो. तुम्हा दोघांना पुन्हा नमस्कार, आणि तिसऱ्या माणसाला जे तुला योग्य वाटेल ते.

तुझा,
वयाने लहान भाऊ

ता. क. – रविवारच्या जागेच्या दाराचं कुलूप तिला ओढून बघायला सांग. (बघेलच ती.) चांगलं निघालं तरी तू वाईट म्हण.

ता. क. २ – तिच्या खोलीला आतून कडी बसवली आहे. हिला आत बसवून लावून घ्यायला सांगितली आणि बाहेरून मी जंग जंग पछाडलं, उघडली नाही. (ही पुढे तासभर बाहेरच आली नाही.) राउटरही त्याच खोलीत हलवला आहे. तिथे मला प्रवेश नाही, हे मीच ठरवलंय.

ता. क. ३ – एवढं वाचून तू तिला पासवर्ड विचारशील आणि ती गुणाची पोर लगेच लिहून देईल. तो घेऊ नकोस. घेतलास तरी आम्हाला कळवू नकोस. तिला म्हणावं, ज्याने कुलूप लावलं त्यानेच येऊन उघडायचं, अशी आमच्या कारखान्याची रीत आहे. अशी रीत कधीच नव्हती, ताई. तू मात्र सांग.