गिरणीवरची खोली आणि तब्येतीचा दाखला

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं तरी खोकला येत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, का ते पुढे कळेल.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस असं मी सांगणार आणि तू चढणार, म्हणून सांगत नाही.

नोकरी लागली तेव्हा तू म्हणाली होतीस, खेड्यात खर्च तो काय असणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण इथे भाजी विकत मिळत नाही. ज्याच्या त्याच्या परसात पिकते, म्हणून गावात कुणी विकत नाही, आणि विकायची असते ती पहाटेच्या गाडीने शहरात जाते. मी रविवारी बसने शहरात जाऊन तीच भाजी तिकिटाच्या खर्चासकट परत घेऊन येते. दुधाचंही तेच. भाड्याची खोली गावात एकच, पिठाच्या गिरणीवरची. गिरणीवाल्या काकांनी खोली दाखवण्याआधी पगार विचारला. मी भाबडेपणाने कायम झाल्यावर मिळणारा सांगितला, आणि त्यांनी भाडं त्या अंदाजाने लावलं. कायम होईपर्यंत निम्माच पगार हातात पडतो, हे त्यांना नंतर सांगून काही उपयोग झाला नाही. ते म्हणाले, मग लवकर कायम व्हा.

कायम व्हायला दाखले लागतात. वर्तणुकीचा हेडमास्तरांनी दिला. (त्यांची माझी ओळख जेमतेम आठवड्याची, पण एवढ्यात काय वाईट वागणार, असं म्हणून सही केली.) रहिवासाच्या दाखल्याला गावात एकाच पत्त्यावर सलग सहा महिने राहावं लागतं. राहिला तब्येतीचा. शहरातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, राहता कुठे? गिरणीवर, म्हटलं. फळ्यांच्या फटींतून पीठ वर येतं, हेही सांगितलं. (सकाळी उठते तेव्हा माझ्या भुवया अगदी तुझ्यासारख्या दिसतात. राग मानू नकोस.) त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, की जागा बदला, महिन्याने या, खोकला गेला असेल तर सही करतो. आता बघ. जागा बदलली तर रहिवासाचा दाखला नाही, न बदलली तर तब्येतीचा नाही. कार्यालयातल्या कारकुनाला हे नीट समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन्ही दाखले एकत्रच जोडायचे असतात, अशी माहिती पुरवली.

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी काही न विचारता खिडकीची जागा दिली, त्याने आणखीच आलं.

गावात उतरले ती तडक गिरणीतच शिरले. शाळा सुटल्यावर गिरणी बंद ठेवाल का, असं काकांना विचारलं. विचारलं म्हणजे ओरडून, कारण गिरणी चालू होती. तेही ओरडून म्हणाले, लोक शेतावरून आले की दळण आणतात, तेव्हाच बंद ठेवून पोट कसं भरायचं? त्यांचंही बरोबर होतं. तेवढ्यात काकूंनी माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन वाचली, जाऊन बटण बंद केलं आणि त्या अचानक शांततेत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी यांच्याशी ओरडूनच बोलत आलेय. बाईंच्या निमित्ताने जरा हळू बोलून बघू दे."

दुसऱ्या दिवसापासून दळण मी शाळेत असतानाच होऊ लागलं. लोक कुरकुरले, मग सकाळी डबे ठेवून जाऊ लागले. काकांनी माझ्या फळ्यांखाली ताडपत्रीही ठोकली. (तिचा खर्च भाड्यात धरला.) आता संध्याकाळी दोघं खाली पायरीवर बसतात. काका अजून सवयीने ओरडतात आणि काकू हळू बोलतात, त्यामुळे मला त्यांच्या संसाराची एकच बाजू ऐकू येते. पहिल्या संध्याकाळी बराच वेळ काहीच आलं नाही. मग काकांचा आवाज आला, "तुझा आवाज असा आहे होय?"

महिन्याने डॉक्टरांनी नळी लावली, पुन्हा बराच वेळ ऐकलं आणि सही केली. सहा महिनेही भरले. मागच्या आठवड्यात मी कायम झाले. तेव्हा काळजी नसावी, आणि खोकल्याचं आईला कळवू नये.

तुझी भाची

ता. क. कायम झाल्याच्या हुकमाबरोबर बदलीचाही हुकूम आला आहे. तात्पुरत्या शिक्षकाची बदली करता येत नाही, कायम झालेल्याची येते. शाळा तुझ्याच घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तुला हे ऐकून बरं वाटेल, म्हणून आधी लिहिलं नाही. मला ती बदली रद्द करून हवी आहे. इथे तिसरीच्या मुलांची हातच्याची वजाबाकी अर्धीच झाली आहे, आणि माझ्या जागी जी येईल ती आधी दाखले गोळा करत फिरेल. बदल्यांचं टेबल तुझ्या धाकट्या दिरांकडे आहे. शिलाई मशीनवरून तुमचं बोलणं बंद आहे, हे ठाऊक आहे. तरी माझ्यासाठी एकदा बोल. सुट्टीत सगळे दिवस तुझ्याकडेच राहीन.

आणखी एक. दिरांना काय ते तोंडीच सांग, हे पत्र दाखवू नकोस. हे वाचून कुणीही भला माणूस मला उद्याच्या उद्या इथून हलवील.