एकच आडनाव

मंगळवार, अल् घुब्रा

आज ऑफिसात उगाच बोलून बसलो. आमचे इथले अरब मॅनेजर आणि ड्रायव्हर सालिम, दोघांचं आडनाव एकच. मी सालिमला हसत विचारलं, "नात्यातले का रे तुम्ही?"

तो शांतपणे म्हणाला, "त्यांच्या पणजोबांनी माझ्या पणजोबांना विकत घेतलं होतं. आफ्रिकेतून आणलेले. आडनाव मालकाचंच लागलं."

मग तोच पुढे सांगत राहिला. मॅनेजरांच्या घरची खजुराची बाग सालिमच्याच घरच्यांनी लावली, पाण्याचा पाटही त्यांनीच खणला.

"आता ते सगळं खलास ना?" मी विचारलं.

"खलास. लग्नाला बोलावतात, शेजारी बसवून जेवतात. मुलगी देत नाहीत."

आमच्या गावीही असंच आहे, आणि आमचं घर मुलगी न देणाऱ्यांतलं. ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.